समाजविकासाची कामे (पुणे महानगरपालिका)

रस्ते, पाणी, गटारे आणि दिवाबत्ती यांच्या जोडीने शहराची पालिका माणसांसाठी जी कामे हाती घेते, त्यांना समाजविकासाची किंवा लोकोपयोगी कामे म्हणतात. शाळा, दवाखाना, पाळणाघर, बचत गट, शिष्यवृत्ती, अभ्यासिका, ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्र, नाट्यगृह असा त्यांचा पसारा असतो. पुण्यात या कामांना आणि त्यांवरच्या भांडणांना जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

पालिकेचा पैसा कोणावर खर्च व्हावा, हा प्रश्न पुण्यात सर्वांत रोखठोकपणे विचारला तो जोतीराव फुले यांनी. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये मंजूर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला द्यावा म्हणून फुल्यांनी एकट्याने विरोध नोंदवला. नव्या मंडईच्या इमारतीवरील खर्चालाही त्यांचा विरोध होता. मंडई १८८६ मध्ये उभी राहिली आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचेच नाव मिळाले. मंडई शहराला उपयोगी पडली यात शंका नाही. पण फुल्यांनी मांडलेला हिशेब त्यामुळे चुकीचा ठरत नाही. १९२० च्या सुमारास सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलांना द्यायचे की मुलींनाही, यावरून शहर पेटले. पैसे पुरणार नाहीत, आधी मुलांचे होऊ द्या, असे एका बाजूचे म्हणणे होते. रमाबाई रानडे यांच्यासह पुण्यातल्या स्त्रिया मुलींच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या. ‘आधी हे, मग ते’ या वादात ‘मग’च्या वाट्याला कोण जाते, हे तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिचा कारभार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार चालतो. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामे आहेत, त्यांत प्राथमिक शाळा येतात. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामे आहेत. मात्र ‘ऐच्छिक’ हा शब्द फसवा आहे. चार घरची धुणीभांडी करायला पहाटे निघणाऱ्या बाईला पाळणाघर ऐच्छिक नसते. ते नसेल तर थोरल्या मुलीची शाळा सुटते. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील १८ विषयांत झोपडपट्टी सुधारणा, दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बल घटकांचे हितरक्षण हे विषय आहेत, त्यामुळे या कामांना घटनेचा आधार मिळाला.

प्रत्यक्ष काम समाज विकास विभाग आणि क्षेत्रीय कार्यालये यांच्यामार्फत चालते. या विभागाचा वस्तीतला चेहरा म्हणजे समूह संघटिका. बचत गट बांधणे, बँकेत खाते उघडून देणे, शिवणकामापासून संगणकापर्यंतच्या प्रशिक्षणाला मुली गोळा करणे, योजनेचा अर्ज भरून घेणे ही तिची रोजची कामे. दहावीसाठी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या आणि बारावीसाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने शैक्षणिक अर्थसाहाय्य दिले जाते. रक्कम अनुक्रमे १५,००० आणि २५,००० रुपये. गुणांची सर्वसाधारण अट ८० टक्के. मागासवर्गीय आणि महापालिका शाळांतील विद्यार्थ्यांना ती शिथिल आहे. दवाखान्याच्या बिलासाठी शहरी गरीब योजना आहे. कागदावर या योजना चांगल्याच आहेत. अडते ते कागदपत्रांपाशी. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा पुरावा, झोपडपट्टीच्या सेवाशुल्काची पावती (वस्तीत तिला गवनीची पावती म्हणतात) हे सगळे एकाच नावावर आणि एकाच पत्त्यावर हवे असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मालक करारनामा करून देत नाही आणि ८५ टक्के गुणांची गुणपत्रिका पिशवीतच राहते. कुठला दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो हे सांगून बरोबर येणारी समूह संघटिका असेल तरच असा अर्ज पुढे सरकतो.

समाजविकास आणि मूलभूत सेवा यांची सांगड पुण्यात सर्वांत भक्कम बसली ती कचऱ्याच्या कामात. कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली. कचराकुंडीत हात घालणाऱ्या बायांकडे चोर म्हणून पाहिले जात असे, तेव्हा महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र मिळणे ही मोठी गोष्ट होती. पुढे कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी घरोघर कचरा गोळा करण्याचा करार केला. सकाळी ढकलगाडी घेऊन दोघी येतात, ओला-सुका वेगळा घेतात, दर महिन्याचे शुल्क घरांकडूनच जमा करतात आणि सुक्यातले विकाऊ भंगार विकून त्यात भर घालतात. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी वेगळे करावे लागू नयेत म्हणून ते वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, ही मोहीम त्यांच्याच अनुभवातून आली. एवढा साधा लाल ठिपका. पण तो काढणाऱ्या घराला निदान ठाऊक असते की ही पुडी एका बाईच्या हातात जाणार आहे. करार वाढवायचा की खासगी ठेकेदार नेमायचा, ही टांगती तलवार मात्र संस्थेवर वारंवार येते.

सांस्कृतिक बाजूही लहान नाही. १९६८ मध्ये सुरू झालेले बालगंधर्व रंगमंदिर महापालिकेच्या मालकीचे आहे. त्यापुढे पेठांतली आणि वस्त्यांतली अभ्यासिका कोणाच्या नजरेत भरत नाही, पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांबरोबर राहणाऱ्या मुलाला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी ट्यूबलाइटखाली हक्काची खुर्ची मिळते ती तिथेच.

कोणते काम व्हावे हे नागरिकांनी सुचवावे म्हणून पुण्यात २००६-०७ पासून सहभागी अंदाजपत्रक राबवले जाते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, प्रभाग समितीने त्यांतून निवड करायची. पदपथ, बाकडी, बसथांबा, दिवे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या कामांना हा अर्ज सोयीचा आहे. समुपदेशक किंवा पाळणाघरातली ताई त्या चौकटीत सहजी बसत नाही. शिवाय अर्ज लिहिण्याची सवय असलेल्या सोसायट्या यात पुढे राहतात, हा दोष सुरुवातीपासूनचा आहे.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेल्याने कारभार प्रशासकाकडे गेला. वस्तीतल्या माणसाची पहिली पायरी नगरसेवकाचे संपर्क कार्यालय असते. शिफारसपत्र, सही, फोन तिथूनच होतो. नगरसेवक नसताना ही पायरीच नाहीशी झाली. त्याआधी २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली होती. मिळकतकर वाढत गेला, बऱ्याच ठिकाणी पाणी टँकरनेच येत राहिले, आणि ग्रामपंचायतीत सरपंचाला ओट्यावर गाठून सांगता येणारी गोष्ट आता सांगायला बस बदलून क्षेत्रीय कार्यालय गाठावे लागू लागले.