प्रकाशोपचार, घरगुती (नवजात कावीळ, कोकण)

नवजात बाळाच्या रक्तात वाढलेले बिलिरुबिन (तांबड्या पेशी फुटून बनणारे पिवळे द्रव्य) उतरवण्यासाठी निळ्या प्रकाशाचा उपचार रुग्णालयाऐवजी घरी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याची पद्धती. पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते व बहुतेकांची आपोआप ओसरते. मोजक्या बाळांत मात्र बिलिरुबिन मेंदूत शिरून बहिरेपण, मेंदूचा पक्षाघात अशी कायमची इजा करते. ही इजा वेळेवर दिलेल्या उपचाराने टाळता येते.

या उपचाराचा उगम इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात, बहुधा १९५६ च्या उन्हाळ्यात झाला. तेथील परिचारिका जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांची बाळे अंगणात उन्हात नेत असत. चादरीखाली झाकलेला त्वचेचा भाग पिवळा राहिला व उघडा भाग उजळला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्तनमुन्यात बिलिरुबिन कमी भरल्याची हकिगतही सांगितली जाते. यांपैकी शोधाला खरी चालना कशाने मिळाली यावर लेखकांचा भर वेगवेगळा आहे. तेथील डॉक्टर डॉब्ज व क्रेमर यांचे कथन १९७५ चे, म्हणजे आठवणींवर आधारलेले असले, तरी वॉर्ड यांच्या निरीक्षणाला अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक वाटते. क्रेमर, पेरीमन व रिचर्ड्स यांचा शोधनिबंध १९५८ मध्ये आला. अमेरिकेत ल्यूसी व सहकाऱ्यांच्या १९६८ च्या चाचणीनंतर उपचार रूढ झाला.

प्रकाशामुळे बिलिरुबिनचे ऑक्सिडीकरण होऊन ते विघटित होते, असे आरंभी मानत. आता त्या वाटेला गौण स्थान आहे. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रेणूची ठेवण बदलते व तो यकृतातील नेहमीची प्रक्रिया न होताही पित्तावाटे बाहेर पडू शकतो. ठेवणीचा एक बदल झटपट होतो पण उलटतो. ल्युमिरुबिन हे दुसरे रूप सावकाश बनते, पण परत फिरत नाही. उपचाराचे श्रेय दीर्घकाळ ल्युमिरुबिनलाच दिले गेले. अलीकडे पहिल्या बदलाचाही वाटा मोठा मानण्याकडे कल आहे. घरच्या उपचाराशी याचा संबंध थेट आहे. दूध पाजण्यापुरता खंड चालतो, मात्र दिवसाचे बरेच तास दिवा बंद राहिला तर परिणाम घटतो.

अमेरिकेत १९८० च्या दशकात घरगुती उपचार सुरू झाला. प्रकाशतंतूंची गादी आल्यावर बाळाला मांडीवर घेऊन पाजणे शक्य झाले. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार बाळ किमान ३८ आठवड्यांचे, ४८ तासांहून मोठे, नीट दूध पिणारे व धोक्याच्या घटकांपासून मुक्त हवे. बिलिरुबिन उपचार सुरू करण्याच्या मर्यादेपेक्षा फार तर १ मिग्रॅ./डेसिलि. वर असावे, एलईडी उपकरण लगेच मिळावे आणि रक्ततपासणी रोज व्हावी.

रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्गात बाळाला रुग्णालयात ‘पेटीत’ ठेवणे हीच रूढ रीत आहे. घरगुती उपचाराची अडचण म्हणून वीज पुढे केली जाते. निसर्ग (जून २०२०) व तौक्ते (मे २०२१) या चक्रीवादळांनंतर अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती, हे खरेच आहे. परंतु एलईडी गादीला वीज थोडी लागते व ती इन्व्हर्टरवर चालते. खरी अडचण रोजच्या रक्ततपासणीची आहे. प्रकाशाखालील त्वचेचा पिवळेपणा आधी फिका पडतो, रक्तातील बिलिरुबिन मात्र चढेच असू शकते. म्हणून ‘रंग उतरला’ हा आजीचा किंवा डॉक्टरांचाही अंदाज येथे धरता येत नाही. तपासणीसाठी ओल्या बाळंतिणीने वाडीतून तालुक्याला रोज जायचे, तर घरी राहण्याचा लाभ उरत नाही. दाभोळची फेरीबोट रात्री बंद असते. मग पलीकडे धोपाव्याला जायला चिपळूणवरून वळसा पडतो. बिलिरुबिन फारच चढल्यास रक्तबदलासाठी (बाळाचे रक्त काढून दुसरे भरण्यासाठी) सिंधुदुर्गातून गोव्यातील बांबोळीचे रुग्णालय, रत्नागिरीतून आंबा घाटाने कोल्हापूर गाठावे लागते.

गृहाधारित नवजात काळजी योजनेत आशा सेविकेची भेट तिसऱ्या व सातव्या दिवशी ठरलेली असते. बिलिरुबिनची कमाल पातळी बहुधा यांच्यामध्येच, पाचवी पुजण्याच्या सुमारास येते. पाचव्या दिवशी एक जादा भेट आणि त्वचेवर टेकवून बिलिरुबिन मोजणारे उपकरण प्राथमिक आरोग्य केंद्रात असणे, हे गादीइतकेच मोलाचे ठरेल. उपचार सुरू झाल्यावर मात्र त्वचेवरील मोजणी भरवशाची राहत नाही व रक्तच तपासावे लागते.

अनुकूल बाजू माहेरात आहे. पहिलटकरणीजवळ रात्री जागणारी आई किंवा मावशी असते, वारंवार पाजण्याला घरातून पाठबळ मिळते. बाळंतिणीची खोली अंधारी व उबदार ठेवण्याची चाल मात्र कावीळ वेळीच दिसण्याच्या आड येते. कोवळे ऊन हा उपचार नव्हे. नायजेरियातील लागोस येथे ऊन गाळणाऱ्या पडद्याखाली केलेल्या चाचणीचे निष्कर्ष (२०१५) उत्साहवर्धक असले, तरी जून ते सप्टेंबर कोकणात त्यावर विसंबता येत नाही. घरगुती निळा दिवाही निरुपयोगी; त्याची प्रकाशतीव्रता पुरत नाही.

पावसाळी दमटपणामुळे ट्रंकेतील कपड्यांत डांबरगोळ्या ठेवतात व बाळाची दुपटी त्याच जुन्या साड्यांची शिवतात. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळात गोळ्यांतील नॅप्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटून कावीळ झपाट्याने वाढते. अशा बाळावर घरी उपचार करू नयेत. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, दूध ओढणे सोडलेले किंवा सुस्तावलेले बाळ यांनाही रुग्णालयातच न्यावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११) शासकीय रुग्णालयातील उपचार व तेथवरची वाहतूक विनामूल्य आहे.