मासळीच्या पिकअपचा गंज आणि लाल रंगाचा घोळ

कोकण किनाऱ्यावर दहा-बारा वर्षे मासळी वाहिलेल्या पिकअपचा पत्रा कुठून सडला आहे, हे पाहण्यासाठी गाडीखाली शिरण्याची गरज नसते. हौद्यातली, म्हणजे मागच्या माल ठेवण्याच्या भागातली, चेकर्ड प्लेट (तळाचा उठावदार नक्षीचा जाड पत्रा) उचलली की पुरते. वितळलेल्या बर्फाचे आणि मासळीचे खारे पाणी फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या झडपेच्या) बिजागऱ्यांपाशी आणि प्लेटच्या सांध्यांत साचते, तिथून ते खालच्या आडव्या चॅनेलवर आणि शेवटी चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याच्या, खाचाखोचांत उतरते. गंज रोखण्याचे जे उपाय आज गॅरेजमध्ये सुचवले जातात, ते मात्र बहुतेक सगळे गाडीची खालची बाजू डोळ्यांपुढे ठेवून ठरलेले आहेत.

लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा थर चढवण्याचे पेटंट फ्रान्समध्ये १८३७ साली घेतले गेले आणि फॉस्फेटचा थर चढवण्याच्या प्रक्रियेचे इंग्लंडमध्ये १९०६ साली. जुन्या पिकअपच्या दृष्टीने त्याआधीच्या इतिहासात शिरण्याचे कारण नाही. मोटारीच्या बाबतीत खरा फरक पडला तो १९६०च्या दशकात, जेव्हा अख्खी बॉडी प्रायमरच्या (रंगाआधीच्या पहिल्या थराच्या) टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने रंग चढवण्याची पद्धत अमेरिकेतील कारखान्यांत सुरू झाली. फवाऱ्याने मारलेला रंग दरवाजाच्या आतल्या पोकळीत पोहोचत नसे, तो टाकीत पोहोचू लागला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात या पद्धतीचा अधिक टिकाऊ प्रकार आला आणि पुढे तोच सर्वत्र रुळला.

मालवाहू गाड्यांना या सुधारणेचा लाभ अर्धाच मिळाला. आपल्याकडे केबिन आणि चॅसिस कारखान्यातून घ्यायचे आणि हौदा गावातल्या बॉडी बिल्डरकडून बांधून घ्यायचा, हा प्रघात फार जुना आहे. त्यामुळे एकाच गाडीच्या केबिनला कारखान्यातली प्रक्रिया आणि हौद्याला ब्रशने मारलेले रंगाचे दोन हात, अशी स्थिती होते. जुना हौदा लाकडी फळ्यांचा असे. फळी कुजली तर ती एकटी बदलता येई, पण तिच्या बोल्टांभोवती ओल धरून राही. पत्र्याचे हौदे आल्यावर धुणे सोपे झाले आणि सांधे मात्र वाढले.

या दोन हातांपैकी पहिला हात नेहमी लाल असतो आणि घोळाची सुरुवात तिथेच होते. जहाजे आणि पूल यांच्यावर पूर्वी जो लाल प्रायमर लावत, तो शेंदराचा होता. मारुतीला लावला जाणारा पारंपरिक शेंदूर रसायन म्हणून तोच, म्हणजे शिशाचे ऑक्साइड. अळशीच्या तेलात कालवल्यावर त्यातून शिशाची साबणासारखी संयुगे तयार होतात आणि ती लोखंडाच्या पृष्ठभागावर गंजण्याची क्रिया प्रत्यक्ष रोखून धरतात. शिसे विषारी असल्यामुळे हा रंग हळूहळू मागे पडला आणि त्याच्या जागी रेड ऑक्साइड आले. रेड ऑक्साइडमधला लाल भाग म्हणजे लोहाचे ऑक्साइड. तो गेरूचा आणि खुद्द गंजाचाही सख्खा भाऊबंद. त्याच्यापाशी गंज रोखण्याची स्वतःची कोणतीही रासायनिक शक्ती नाही. तो पाण्याच्या वाटेत आडवा उभा राहतो, एवढेच. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यात झिंक क्रोमेट मिसळले गेले आणि गंज रोखण्याचे काम खरे तर तेच करत आले. भारतीय मानकांतही शेंदराच्या प्रायमरचा क्रमांक १०२ आणि रेड ऑक्साइड-झिंक क्रोमच्या प्रायमरचा २०७४ असा वेगळा आहे. क्रोमेट कर्करोगकारक असल्याने पुढे झिंक फॉस्फेटचा पर्याय आला, पण दुकानात ‘रेड ऑक्साइड’ म्हणून मागितल्यावर या तिन्ही-चारही गोष्टींपैकी काय मिळेल, हे डब्यावरचा मजकूर वाचल्याखेरीज कळत नाही. रंग तोच राहिला, आतला पदार्थ बदलत गेला आणि शेंदराने कमावलेला विश्वास लाल रंगाच्या खाती जमा होत राहिला. माझ्या मते, गंजलेल्या पत्र्यावर नुसता काच पेपर फिरवून वर लाल हात मारला की काम झाले, ही समजूत या उसन्या विश्वासावर उभी आहे.

‘अँटी-रस्ट’ या शब्दाचेही असेच झाले. कोणी तो लाल प्रायमरसाठी वापरतो, कोणी गंजावर लावायच्या फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावासाठी, तर कोणी गाडीखाली मारल्या जाणाऱ्या डांबरासारख्या काळ्या थरासाठी. यांपैकी काळा थर थंड देशांतील गरजेतून आला. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते चाकांनी खालून उडते, म्हणून खालून जाड लेप देणे तिथे समजण्यासारखे आहे. मासळीच्या गाडीत मीठ वरून येते. सांध्यातून झिरपलेले पाणी लेपाच्या मागे जाऊन बसते, बाहेरून सगळे काळेभोर आणि गुळगुळीत दिसते आणि आत पत्र्याचे पापुद्रे सुटत राहतात. त्याआधीची रीत, म्हणजे इंजिनाचे काळे ऑइल खालून फासणे, या एका बाबतीत उजवी होती, कारण पातळ तेल सांध्यात शिरते. पण ते पावसात धुपते, जमिनीत मुरते आणि रबरी बुश फुगवते, त्यामुळे तिची भलामण करता येत नाही.

दुरुस्तीची पद्धत घडवण्यात पासिंगचा, म्हणजे गाडीच्या सरकारी तपासणीचा, वाटा मोठा आहे. २०१८मध्ये नियमांत झालेल्या बदलानंतर आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांतून एकदा आणि त्यापुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांसाठी त्याचे शुल्कही बरेच वाढले. साहजिकच गाडी जितकी जुनी, तितके काम पासिंगच्या तारखेपुरते होते: भोकावर लांबी (पुट्टी) भरायची, घासायची आणि रंग मारायचा. ही लांबी ओल शोषून घेते, त्यामुळे खाली गंज शिल्लक असेल तर वर्षभरात तिथेच फुगवटा येतो. सडका भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करणे, सांध्यात सीलर भरणे आणि आतल्या पोकळीत मेण किंवा ग्रीस सोडणे, हा मार्ग डेंटरला (पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला) ठाऊक नसतो असे नाही. पण त्यासाठी गाडी तितके दिवस उभी राहावी लागते.

गाडी उभी राहते ती मासेमारी बंदीत. महाराष्ट्रात ती १ जून ते ३१ जुलै अशी असते आणि रंगकामाला वर्षातले सर्वांत वाईट दिवस नेमके हेच. पोलादावर रंग लावताना पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन जमते, त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, असा सर्वमान्य दंडक आहे. जुलैतल्या रत्नागिरीत उघड्या शेडखाली तो पाळणे जवळजवळ अशक्य आहे. कापणे आणि वेल्डिंग बंदीत उरकून रंग पाऊस ओसरल्यावर लावावा, तर तोवर धंदा सुरू झालेला असतो आणि उघडे वेल्ड पुन्हा लालसर झालेले असतात.

अलीकडे हौद्यात जस्ती पत्रा घालण्याकडे कल आहे. तो उपयोगी आहे, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळते आणि लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. म्हणजे वेल्डिंगच्या रेषेवरचे जस्त आधीच धूर होऊन गेलेले असते (तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, हे वेल्डर सांगतात) आणि जिथे पाणी साचणार, तोच सांधा उघडा पडतो. त्यावर जस्तयुक्त प्रायमरचा हात वेगळा मारावा लागतो. पफच्या (थंडावा टिकवणाऱ्या फोमच्या) पेट्या ठेवणाऱ्या गाड्यांत पाणी नळीने थेट बाहेर काढता येते. अशा गाडीत निदान चॅसिसवर तरी ते उतरत नाही, मात्र नळीचे तोंड खवल्यांनी तुंबलेले नाही ना, हे दर खेपेला पाहावे लागते.