गरिबाचंच काहीतरी चुकलं असणार!

१९६६ साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलींना पडद्यावर एक दृश्य दाखवलं. एक तरुणी पाठांतराची परीक्षा देतेय आणि उत्तर चुकलं की तिला विजेचा झटका बसतोय. झटके खोटे होते, तरुणी अभिनय करत होती. पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. काही गटांना तिचा त्रास थांबवायची संधी मिळाली. त्यांचं तिच्याबद्दलचं मत बरं राहिलं. ‘हे असंच चालू राहणार’ असं ज्यांना सांगितलं, त्यांनी मात्र तिलाच नावं ठेवली. आणि सर्वांत वाईट मत कुणाचं झालं? प्रयोगात भाग घेतल्याचे गुण आपल्याला मिळावेत म्हणून ही झटके सोसायला तयार झाली, असं ज्यांना वाटत होतं त्यांचं!

लर्नर यांचं स्पष्टीकरण असं: जग न्यायी आहे, ज्याला-त्याला लायकीप्रमाणे मिळतं, ही समजूत माणसाला हवीहवीशी वाटते. ती खरी असेल तर आपण नीट वागलो की आपलं भलंच होणार. निरपराध माणसाचे हाल बघताना या समजुतीला तडा जातो. मदत करून तो बुजवता येतो. ते जमत नसेल तर हाल सोसणाऱ्यातच खोट काढणं सोपं पडतं. गरिबी कुणा एकट्याच्या मदतीने संपत नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत दुसरी वाट फार वापरली जाते.

पण माणूस सरसकट निष्ठुर नसतो. समोरच्याला ‘जमत नाही’ की तो ‘करत नाही’, हे मन आधी तपासतं. पहिल्याची कीव येते, दुसऱ्याचा राग. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक माणूस मुद्दाम कोसळायचा. हातात काठी असली तर ६५ पैकी ६२ वेळा लोक आपणहून धावले. अंगाला दारूचा वास आणि हातात बाटली असली तर ३८ पैकी १९ वेळा. पडणं तेच, कारण वेगळं वाटलं.

सरकारी मदत घेणारा तर सहसा डोळ्यांसमोरही नसतो. मग ‘करत नाही की जमत नाही’ याचं उत्तर ऐकीव समजुतीतून येतं. डेन्मार्कचे लेने आरो आणि मायकल बँग पीटरसन यांचं २०१४ सालचं संशोधन मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. मदत घेणारा म्हटलं की अमेरिकी लोकांना आळशी माणूस आठवायचा, डॅनिश लोकांना दुर्दैवी. त्यानुसार मदतीबद्दलची मतंही वेगळी. मग संशोधकांनी दोन-चार वाक्यांची माहिती दिली: हा माणूस नेहमी नोकरी करत होता, कामावर इजा झाली, त्याला परत काम हवंय. किंवा उलट: धडधाकट आहे, पण कामाची इच्छा नाही. एवढ्याने दोन्ही देशांतल्या मतांमधला फरक जवळजवळ पुसला गेला. दोन्हीकडच्या मनांची तराजू एकच. वजनं तेवढी वेगळी.

आता आळशीपणाच्या त्या समजुतीचं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत योजनांची आकडेवारी तपासली. पैसे मिळाल्याने लोकांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा सापडला नाही. गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो, या म्हणण्यालाही दुसरी बाजू आहे. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची कापणीआधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि कापणीनंतर बौद्धिक चाचणी घेतली गेली. माणसं तीच, पण पैसा हाती आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. २०१३ च्या या निष्कर्षांवर वाद झाले, तरी चणचणीचा ताण डोक्याची जागा अडवतो ही कल्पना आज गांभीर्याने घेतली जाते.

गरिबांच्या मदतीला विरोध फक्त सुखवस्तू लोकांकडून होतो, असंही नाही. अर्थतज्ज्ञ इल्याना कुझिएम्को आणि सहकाऱ्यांना अमेरिकेत आढळलं की किमान वेतन वाढवायला विरोध करण्याचं प्रमाण, किमान वेतनापेक्षा जेमतेम जास्त कमावणाऱ्यांमध्ये सर्वाधिक होतं. खालचे वर आले तर शेवटचा नंबर आपला, ही ती धास्ती.