दुनळी बंदूक आणि कॉस्टिकची टाकी

दुरुस्तीहून आलेली जुनी दुनळी बंदूक नवीकोरी दिसत असेल, तर आनंद मानण्याआधी ती जाणत्या माणसाला दाखवावी. नागपुरातल्या एका जुन्या मालगुजार घराण्याकडची अशीच एक बारा बोअर मी पाहिली. इंग्रजी बनावटीची, पणजोबांच्या शिकारीच्या दिवसांतली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती कपाटात गेली. पुढे घरच्यांनी हौसेनं ती ‘नवी करायला’ दिली. परत आली तेव्हा नळ्या काळ्याभोर चकचकीत, नळ्या ज्यात बसतात त्या लोखंडी सांगाड्याला बफ मारलेला, दस्त्यावर जाड पॉलिश. पावसाळा लागला आणि दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेनं पांढरा खार फुटला. तो पुसला की खाली तांबूस गंज.

हा खार कुठून आला, हे कळायला दुनळीची जोडणी माहीत हवी. दोन नळ्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं तिथे, भक्कम जोडलेल्या असतात. तिथून पुढे मात्र त्यांच्या वरची आणि खालची लांब पट्टी शिसं-कथिलाच्या सोल्डरनं झाळलेली असते. कारागिरांनी इतकं मऊ सोल्डर निवडलं त्याला कारण आहे. हलक्या इंग्रजी बंदुकीत नळीच्या पुढच्या भागाची भिंत काही ठिकाणी अवघी अर्धा-पाऊण मिलिमीटर असते. तिला पितळी झाळकामाची आच दिली तर नळी वाकते. शिसं-कथिलाचं योग्य मिश्रण १८३ अंश सेल्सिअसलाच वितळतं, त्यामुळे नळी सरळ राहते.

आता रंगाकडे येऊ. आजकाल बंदुकीला काळा रंग देण्याची झटपट पद्धत म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेटचा दाट द्राव. तो साधारण १४० अंशांना उकळतो. त्यात नळी बुडवली की लोखंडाच्या पृष्ठभागाचंच मॅग्नेटाइट होतं, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड. थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, पण एकसारखा आणि तासाभरात तयार. रायफलीच्या एकसंध नळीसाठी ही पद्धत उत्तम आहे. टाकीचं तापमान १४०, सोल्डर वितळतं १८३ ला, म्हणजे धोका नाही, असा हिशेब इथे सहज केला जातो.

पण सोल्डर वितळत नाही, ते विरघळतं. कथिल आणि शिसं हे दोन्ही धातू उभयधर्मी आहेत. आम्लाप्रमाणे अल्कलीतही त्यांची क्षारं होतात. गरम कॉस्टिक आणि जोडीला ऑक्सिजन पुरवणारं नायट्रेट मिळालं की कथिलाचं सोडियम स्टॅनेट होऊन ते द्रावात निघून जातं. सांधा कडेकडेनं खाल्ला जातो आणि त्या फटीतून तोच द्राव नळ्यांमधल्या लांब पोकळीत शिरतो. बाहेरून कितीही धुतलं तरी तिथे पाणी पोचत नाही. मग नागपूरचा जुलै येतो. आत राहिलेलं कॉस्टिक हवेतली ओल ओढून घेतं, पाझरत बाहेर येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची क्रिया होते आणि सोडियम कार्बोनेट बनतं. पट्टीच्या कडेला फुटलेला पांढरा खार म्हणजे मुख्यतः हाच, धुण्याचा सोडा. त्याच्याबरोबर आलेली बाकीची क्षारंही पट्टीला कायम ओलसर ठेवतात आणि गंज चढत जातो.

सांधा सुटलाय का, हे ओळखायची जुनी परीक्षा फार देखणी आहे. नळ्या सुट्या करायच्या, मागच्या हुकाला दोरी बांधून टांगायच्या आणि बोटाच्या पेरानं हलकेच वाजवायच्या. सांधा धड असेल तर स्वच्छ नाद उठतो आणि बराच वेळ रेंगाळतो. या बंदुकीच्या नळ्या नुसत्या ‘खट्ट’ वाजल्या. सुटलेल्या सांध्यात पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि कंपनाची ऊर्जा घर्षणात जिरून जाते. महागड्या यंत्राआधी ही टिचकी खरं सांगते.

अशा वेळी फटीत बाहेरून थोडं सोल्डर सोडून काम उरकण्याचा सल्ला मिळतो. माझ्या मते तो घातक आहे, कारण क्षारं आतच कोंडली जातात. पट्टी पूर्ण उतरवणं हाच उपाय. मग नळ्या गरम डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायच्या, पाण्यातला अल्कलीचा मागमूस जाईपर्यंत थांबायचं नाही. जुळणाऱ्या पृष्ठभागांना कल्हई करायची, लोखंडी तारेनं आणि पाचरांनी सगळं आवळून नवं सोल्डर भरायचं. फ्लक्स म्हणून, म्हणजे सोल्डर नीट धरावं यासाठी, राळ वापरायची. झिंक क्लोराइडचा फ्लक्स काम सोपं करतो, पण त्यातलं क्लोराइड पोकळीत राहिलं तर पुन्हा गंज. हे सगळं शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावं लागतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तसं बंधन आहे.

रंग पुन्हा द्यायचा तो जुन्याच रीतीनं, म्हणजे गंजातून. मला या सगळ्या कामात हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. तेलाचा अंशही न ठेवता नळी स्वच्छ करतात, तिच्यावर सौम्य आम्लधर्मी द्रावाचा पातळ हात फिरवतात आणि ती दमट पेटीत ठेवतात. काही तासांत मखमली लाल गंज येतो. मग नळी उकळत्या पाण्यात टाकतात. डोळ्यांदेखत लाल थर काळा होतो: गंजातल्या ऑक्साइडचं मॅग्नेटाइट झालेलं असतं. वरची सुटी काजळी बारीक तारेच्या ब्रशनं काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असे अनेक हात दिल्यावर खोल, मंद काळा रंग चढतो. रसायन तेच, मॅग्नेटाइटच. पण तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि कॉस्टिकचा संबंधच येत नाही, म्हणून सोल्डर सुखरूप. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि हवा इतकी कोरडी की गंज धड धरत नाही. दमट पेटी लागतेच. पावसाळ्यात मात्र तो लवकर धरतो, आणि वेळेवर लक्ष दिलं नाही तर पृष्ठभाग खाऊन खड्डे पाडतो. उकळायला बोअरवेलचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचे डाग उठतात.

सांगाड्याचं नुकसान मात्र भरून येणारं नव्हतं. जुन्या बंदुकांच्या सांगाड्यावर निळे, तपकिरी, करडे ढग दिसतात, ते रंग लावलेले नसतात. लोखंड हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात बंद करून ७०० अंशांच्या वर तापवत आणि झटकन पाण्यात विझवत. त्यानं पृष्ठभाग कठीण होई आणि त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरे. पापुद्र्याच्या दोन पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग दाखवतात, पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतात तसेच. बफनं तो पापुद्रा गेला आणि नक्षीच्या कडाही गोलावल्या. पुन्हा भट्टीत घालून रंग आणता येतो, पण सांगाडा किंचित जरी वाकला तरी नळ्या त्यात चपखल बसणार नाहीत. म्हणून तो करडाच ठेवावा, हे माझं ठाम मत. नक्षी नव्यानं कोरणंही नको. उरलेल्या मूळ रेघा त्याखाली जातील.

दस्ता अक्रोडाचा. काचपेपरनं इतका घासला होता की लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली गेलं होतं. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर पट्टीनं खरवडून उतरवला आणि जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. आपल्या विदर्भात चटणीला वापरतात तेच जवस. त्याच्या तेलातलं जवळपास निम्मं लिनोलेनिक आम्ल हवेतला ऑक्सिजन घेऊन साखळ्या जोडतं आणि लाकडाच्या रंध्रातच घट्ट होतं. या क्रियेत उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप पेटू शकतात, आणि उन्हाळ्यात तर हा धोका आणखी वाढतो.

शेवटचं काम मोजमापाचं. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर ब्रिटिश चाचणीगृहाचे, म्हणजे नळ्या जादा दाबाच्या बाराला टिकतात का हे तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतात. लंडनचं चाचणीचं काम १६३७ च्या सनदेपासूनचं, बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ चं. बारा बोअरचा व्यास १८.५ मिलिमीटर, कारण त्या मापाच्या शिशाच्या १२ गोळ्या मिळून एक पौंड भरतात. या बंदुकीवर ‘१३/१’ असा शिक्का होता. हे तेरा आणि बारा बोअरच्या मधलं माप, म्हणजे चाचणीच्या वेळी व्यास सुमारे १८.२६ मिलिमीटर. आता गेज टाकून पाहिलं तर तो ब्रिटिश नियमांनी मान्य केलेल्या, सुमारे पाव मिलिमीटरच्या वाढीपलीकडे गेला होता. आतले खड्डे घालवायच्या नादात नळ्या आतूनही घासल्या गेल्या होत्या. मूळची पातळ भिंत आणखी पातळ झाली, त्यामुळे ही बंदूक पुन्हा वाजवायची नाही असं घरच्यांनी ठरवलं. परवाना मात्र चालू ठेवावा लागेल: जुन्या शस्त्रांना कायद्यात मिळणारी सूट दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या शस्त्रांनाच आहे, आणि हिच्यात काडतूस घालून घोडा ओढला तर बार निघेलच.