पडदा नवा, दुखणं जुनं

निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ-गेम कन्सोल गेम बॉय अ‍ॅडव्हान्स २००१ साली आला तेव्हा त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. बाहेरचा प्रकाश आत शिरायचा, मागच्या परावर्तक थरावरून परत यायचा आणि त्यातून चित्र दिसायचं. म्हणून तो खेळणारा माणूस हमखास दिव्याखाली मान वाकडी करून बसलेला असायचा. आज त्याच खोक्यात मागून उजळणारा आयपीएस (एक प्रकारचा एलसीडी) पडदा बसवता येतो. किट तयार मिळतं. जुना पडदा काढायचा, नवा लावायचा, उजेड कमी-जास्त करायला दोन-तीन तारा सोल्डर करायच्या. हार्डवेअर मॉडिंगमधलं, म्हणजे यंत्रात स्वतः बदल करण्यातलं, हे बालवाडीचं काम समजलं जातं.

तरीही मॉड झाल्यावर कन्सोल मध्येच बंद पडतो, रंग भलतेच दाखवतो किंवा कुणकुणू लागतो. मग किट परत पाठवण्याची भाषा सुरू होते. पण पुष्कळदा दोष नव्या पडद्यात नसतो. नव्या पडद्याने आतल्या जुन्या सर्किट बोर्डाकडे पूर्वीपेक्षा जास्त काहीतरी मागितलेलं असतं, आणि इतकी वर्षं खपून गेलेली कमजोरी आता खपत नाही.

सर्रास आढळणारी तक्रार वीजपुरवठ्याची. खेळ सुरू होतो, उजेड वाढवला की हिरवा दिवा लाल होतो आणि कन्सोल आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सेल नवे घातले तरी तेच. या कन्सोलला दोन पेन्सिल सेल लागतात. नव्या अल्कलाइन सेलचे प्रत्येकी १.५ व्होल्ट, रिचार्जेबलचे १.२. आतल्या चिप्सना याहून जास्त आणि स्थिर व्होल्टेज हवं असतं, त्यासाठी बोर्डावर बूस्ट कन्व्हर्टर असतो. साध्या बल्बचं व्होल्टेज घटलं तर त्यातला करंटही घटतो. कन्व्हर्टरचं उलटं आहे. त्याला पुढे ठरावीक वॅट पोचवायचेच असतात, त्यामुळे मागून येणारं व्होल्टेज घटलं की तो करंट जास्त ओढतो.

आता वाटेत थोडा रोध आहे असं समजा. गंजलेली स्प्रिंग, सेलमधून गळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा थर किंवा आतून काळवंडलेलं पॉवर स्विच. करंट वाढला की या रोधावर जास्त व्होल्टेज खर्च होतं, म्हणून कन्व्हर्टरला आणखी कमी मिळतं, म्हणून तो आणखी करंट ओढतो. ही घसरगुंडी कुठे थांबेल, ते साध्या गणिताने काढता येतं. सेलचं व्होल्टेज २.४ आणि वाटेतला रोध १.५ ओहम असेल, तर त्या वाटेने जास्तीत जास्त ०.९६ वॅट पलीकडे जाऊ शकतात (व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची चौपट). मॉड केलेल्या कन्सोलला १ वॅट लागत असेल तर तो चालणं अशक्यच. जुना पडदा असताना कन्सोलला अर्धा वॅट पुरत होता, तेव्हा याच स्विचविषयी कोणाची कुरकुर नव्हती. हे कळलं की ‘उजेड वाढवल्यावरच का बंद पडतो?’ हा प्रश्न उरत नाही.

स्विच तपासताना मात्र त्याचा रोध मोजत बसू नये. मल्टिमीटरच्या तारांचाच रोध ओहमच्या काही दशांशांइतका असतो, त्यात स्विचचा खरा आकडा बुडून जातो. त्याऐवजी कन्सोल चालू ठेवून, उजेड पूर्ण वाढवून, स्विचच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजावं. चांगल्या स्विचवर ते काही मिलिव्होल्टच येतं. तिथे ३०० मिलिव्होल्ट दिसले तर चोर सापडला. तसंच सेल बाहेर काढून, काहीही न जोडता मोजलेल्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नये, कारण भार नसताना थकलेला सेलही ताजातवाना दिसतो. स्विच आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पुष्कळ वेळा सरकवलं की बरेचसे कन्सोल ताळ्यावर येतात. नाही आले तर स्विच बदलावं.

दुसरी तक्रार रंगांची. मला ती सगळ्यात आवडते, कारण इथे चित्र स्वतःच दोषाचा पत्ता सांगतं. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स प्रत्येक ठिपक्याचा रंग १५ बिटांत पाठवतो. लाल, हिरवा आणि निळा यांना प्रत्येकी ५ बिट. म्हणजे प्रत्येक रंगाच्या ३२ पायऱ्या (० ते ३१) आणि एकूण ३२,७६८ रंग. हे १५ बिट वेगवेगळ्या १५ वाटांनी, एकाच वेळी, फ्लेक्स (लवचीक) पट्टीतून पडद्याकडे जातात. सोबत ठिपक्यांची लय देणारा क्लॉक आणि ओळी आणि चौकटी (एकेक पूर्ण चित्र) कुठे सुरू होतात ते सांगणारे संकेत असतात.

यातली लाल रंगाची सर्वात वजनदार, म्हणजे सर्वात मोठ्या किमतीच्या बिटाची, वाट तुटली तर ३१ पैकी १६ पायऱ्यांचा लाल गायब होतो. पांढरं आकाश निळसर-हिरवट दिसू लागतं आणि हळूहळू गडद होत जाणाऱ्या लाल छटेत मध्येच पायरी पडते. सर्वात हलकी वाट तुटली तर फरक जेमतेम एका पायरीचा, तो डोळ्याला कळणारही नाही. क्लॉकच तुटला तर चित्रच नाही, नुसता उजळलेला कोरा पडदा. म्हणजे ‘पडदा पांढरा पडला’ आणि ‘पडदा मेला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढऱ्या पडद्याला वीज पोचते आहे, फक्त त्याच्याशी कोणी बोलत नाही.

बहुतेक वेळा कारण किरकोळ असतं. पट्टी खाचेत तिरकी बसलेली असते किंवा खाचेची खिट्टी पूर्ण लागलेली नसते. शिवाय या कन्सोलचे बोर्ड दोन जातींचे आहेत, एकाला ३२ पिनांची खाच आणि दुसऱ्याला ४०. किटसोबत दोन पट्ट्या असल्या तर योग्य ती निवडावी लागते.

कुणकुणण्याविषयी थोडक्यात. पडद्याचा उजेड कमी करण्यासाठी दिवा अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. त्या धडधडीचा करंट आणि ध्वनिवर्धकाचा करंट एकाच ग्राउंडच्या (करंट परत नेणाऱ्या सामायिक जोडणीच्या) वाटेने परतत असतील तर धडधड स्पीकरमध्ये उतरते. आवाज शून्यावर नेऊनही कुणकुण तेवढीच राहिली, तर ती व्हॉल्यूमच्या चक्रानंतर शिरते आहे. उजेड बदलल्यावर तिचा सूर बदलला तर उगम पडद्याकडेच. उपाय म्हणजे पडद्याच्या ग्राउंडला वीजपुरवठ्याजवळ स्वतंत्र तार देणं.

एक तक्रार मात्र मुळात बिघाडच नसते. काही किटांवर चित्र सरकताना मध्येच फाटल्यासारखी रेघ दिसते आणि ती हळूहळू पडद्यावरून फिरत राहते. कन्सोल सेकंदाला ५९.७३ चौकटी पाठवतो आणि पडदा समजा ६० काढतो. दोघांतला फरक ०.२७ चौकटींचा, म्हणून दर साडेतीन-पावणेचार सेकंदांनी ती रेघ एक फेरी पूर्ण करते. जवळपास एकाच सुरातल्या दोन तारा एकदम छेडल्या की जी आंदोळी ऐकू येते, तीच इथे डोळ्यांना दिसते. यावर सोल्डरिंगचा काहीही उपाय नाही.

लक्षण एकीकडे आणि दोष दुसरीकडे, याचा नामांकित नमुना याच कंपनीचा आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या एनईएस कन्सोलमध्ये एक पहारेकरी चिप असते आणि तिची जोडीदार खेळाच्या कार्ट्रिजमध्ये. दोघींचं बोलणं जुळलं नाही की पहारेकरी साधारण सेकंदाला एकदा कन्सोल रिसेट करते आणि दिवा लुकलुकत राहतो. बहुतेक वेळा बोलणं बिघडण्याचं कारण एकच, ७२ पिनांच्या खाचेचा सैल किंवा मळका स्पर्श. यावर लोकप्रिय मॉड म्हणजे त्या चिपचा ४ क्रमांकाचा पाय कापून तिला गप्प करणं. लुकलुकणं थांबतं, पण खाच होती तशीच राहते. आता दिवा स्थिर जळतो आणि पडद्यावर विस्कटलेली चिन्हं दिसतात. माझ्या मते ही मॉड करण्याआधी खाच दुरुस्त करावी, नाहीतर घंटा बंद करून आग विझवल्याचं समाधान तेवढं मिळतं.

आता उरला तो कन्सोल, जो मॉडनंतर काहीच करत नाही. दिवाही लागत नाही. पहिलं काम सोल्डरिंग गन खाली ठेवण्याचं. पुन्हा पुन्हा तापवल्याने बोर्डावरचे तांब्याचे ठिपके उचकटून येतात आणि एका दोषाचे दोन होतात. जुना पडदा परत लावून पाहावा. तो चालला तर अर्धा बोर्ड संशयातून सुटला.

नाही चालला तर सेल काढून मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा, लाल टोक ग्राउंडवर, काळं टोक एकेका पिनेवर. चिपच्या आत प्रत्येक वाटेला संरक्षक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, त्यामुळे धडधाकट वाटेवर साधारण ०.४ ते ०.७ असा आकडा येतो. रंगांच्या १५ वाटा एकाच चिपमधून निघतात, म्हणून त्यांचे आकडे एकमेकांच्या आसपास हवेत. त्यात एकीवर मीटरने ‘ओएल’ दाखवलं तर ती वाट मध्ये तुटली आहे. दोन शेजारणींचे आकडे जुळे आणि इतरांहून कमी आले तर त्यांच्यामध्ये सोल्डरचा पूल झाला असावा, तो भिंगाखाली पाहावा.

वीज वाहणाऱ्या मुख्य वाटेवरच शून्य आलं तर ती ग्राउंडशी शॉर्ट झालेली आहे. अशा वेळी करंटवर मर्यादा घालता येणाऱ्या पुरवठ्यातून त्या वाटेला फक्त १ व्होल्ट द्यावा आणि बोर्डावर अल्कोहोलचा पातळ थर सोडावा. करंट शॉर्टच्या जागीच एकवटतो, ती जागा तापते आणि तिथला अल्कोहोल आधी उडतो. बऱ्याचदा त्या कोरड्या ठिपक्यावर तिळाएवढा सिरॅमिक कपॅसिटर बसलेला असतो. तो उचलून पुन्हा मोजावं. शून्य गेलं असेल तर सेल घालून पाहायला हरकत नाही. एकाच वाटेवर असे अनेक कपॅसिटर समांतर जोडलेले असतात, त्यामुळे त्यातला एक नसला तरी कन्सोल सहसा चालतो. नवा नंतर सवडीने बसवता येतो.