प्रार्थना कीटकाला पाणी पाजणे वेगळे, डबा दमट ठेवणे वेगळे

मँटिसला, म्हणजे प्रार्थना कीटकाला, पाणी कसे पाजायचे हे पाळणाऱ्या बहुतेकांना माहीत असते. जाळीवर आणि पानांवर स्प्रे मारला की तो थेंबाला तोंड लावून पितो. पाण्याची उघडी वाटी मात्र डब्यात नको, पिल्ले त्यात बुडतात. पहिल्या एक-दोन काती होईपर्यंत फवाराही अगदी बारीक असू द्या, कारण मोठ्या थेंबात अडकलेल्या इवल्या पिल्लाला सुटता येत नाही.

खरा घोळ पुढे आहे. रोज दोनदा स्प्रे मारूनही कात टाकताना पाय का अडकला, असे लोक विचारतात. थेंब हे पिण्याचे पाणी, त्याचे काम काही मिनिटांत संपते. दमटपणा म्हणजे डब्यातल्या हवेत तासन्‌तास टिकणारा ओलावा, आणि त्याची सगळ्यात जास्त गरज कात टाकताना असते. हवा फार कोरडी असली तर जुनी कात सुटण्याआधीच आवळते आणि पाय आतच राहतात.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांवर जातो आणि दुपारची आर्द्रता अनेकदा 30 टक्क्यांखाली उतरते. अशा हवेत, पंख्याखाली ठेवलेल्या चारही बाजूंनी जाळीच्या पिंजऱ्यात स्प्रे मारला की आर्द्रता मोजणारा मीटर (हायग्रोमीटर) 80 टक्के दाखवतो आणि थोड्याच वेळात पुन्हा खाली येतो. त्या 80 वर विसंबू नका. पुढचा स्प्रे मारण्याआधीचा आकडा बघा, तोच खरा. उन्हाळ्यात स्प्रे वाढवून उपयोग नाही, ओलावा बाहेर जाण्याची वाट कमी करावी लागते. बाजूंना काच किंवा ॲक्रिलिक घ्या. वरची जाळी हवीच, मँटिस तिलाच लटकतो. तिचा निम्मा भाग ओल्या, घट्ट पिळलेल्या सोलापुरी टॉवेलने बाहेरून झाका. तळाला दोन-तीन सेंटीमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतकेच ओले. खोलीत कूलर चालू असेल तर हवा आपोआप दमट होते, फक्त त्याचा झोत डब्यावर येऊ देऊ नका.

जुलैत हेच सगळे उलटे करायचे. बाहेरची हवाच ओली असते, त्यामुळे टॉवेल काढा, कोकोपीट सुकू द्या आणि दिवसाआड पिण्यापुरता स्प्रे मारा. तरीही रोज डबा भिजवणारे लोक बुरशीला आमंत्रण देतात. कोंदट ओल्या डब्यापेक्षा थोडा कोरडा, हवेशीर डबा केव्हाही बरा. त्यात जातीनुसारही फरक आहे: आपल्याकडच्या हिरव्या हायरोड्युलाला 50 ते 60 टक्के पुरतात, आग्नेय आशियातल्या ऑर्किड मँटिसला त्याहून जास्त लागतात, आणि दक्षिण भारत-श्रीलंकेतल्या गोंगायलसला गरम, कोरडी हवाच मानवते. सगळ्यांना एकच आकडा सांगणाऱ्यांचे ऐकू नका.

मँटिसचे खाणे बंद झाले की तो तहानलेला आहे असे समजून थेट त्याच्या अंगावर स्प्रे मारतात, ही सवय सगळ्यात घातक. पोट चपटे, सुरकुतलेले असेल तर ड्रॉपरने एक थेंब तोंडापाशी धरा. तहान असेल तर तो लगेच पिईल. पण पोट भरलेले, खाणे बंद आणि छताला उलटा लटकलेला असेल तर तो कात टाकायच्या तयारीत आहे. त्याला हात लावू नका, डबा हलवू नका, आत सोडलेले रातकिडे काढून घ्या आणि फवारा फक्त तळावर व समोरच्या भिंतीवर मारा. कात टाकल्यावर अंग कडक होईपर्यंत, निदान एक पूर्ण दिवस, खायला देऊ नका.

हायग्रोमीटर डब्याच्या मध्यावर, स्प्रेचे थेंब उडणार नाहीत अशा जागी लावा. तो बरोबर आहे का हे घरीच कळते: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर करा, मीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्के दिसायला हवेत. 68 दिसले तर पुढच्या प्रत्येक आकड्यात सात मिळवा.