छिन आणि शौ : शिकारीतून आलेले दोन शब्द

अभिजात चिनी भाषेत रानातल्या जीवांसाठी ‘छिन’ आणि ‘शौ’ हे दोन शब्द वारंवार भेटतात, आणि कोश उघडला की पहिल्याचा अर्थ ‘पक्षी’ व दुसऱ्याचा ‘चतुष्पाद पशू’ असा चटकन हाती लागतो. (ज्या छिन घराण्याने चीन एकत्र केला, त्याच्या नावाचा उच्चार हाच असला तरी ते अक्षर निराळे आहे.) हा कोशातला अर्थ चुकीचा नाही, पण तो जुन्या मजकुराला सरसकट लावला की अडचण होते. इ.स. २०८ मध्ये मृत्यू पावलेला वैद्य ह्वा थ्वो याने शिकवलेला व्यायामप्रकार ‘पाच छिनांचे खेळ’ या नावाने ओळखला जातो. त्यातले पाच जीव म्हणजे वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी. छिन म्हणजे पक्षी असेल तर या पाचांपैकी चौघांना तिथे जागाच नाही.

पक्षी आणि पशू ही विभागणी मुख्यतः ‘अर्-या’ या प्राचीन शब्दकोशातून रूढ झाली. दोन पायांचा व पिसांचा तो छिन, चार पायांचा व केसांचा तो शौ, अशी त्यातली व्याख्या आहे. ती इतकी नेटकी आहे की पुढच्या पिढ्यांनी ती पाठच केली. मात्र इ.स. १०० मध्ये श्यू शन याने पूर्ण केलेल्या ‘श्वो-वन’ या अक्षरकोशात छिन म्हणजे ‘धावणाऱ्या पशूंचे सामान्य नाव’ असे नोंदवलेले आहे, म्हणजे व्याख्या जवळजवळ उलटीच. दोन प्रतिष्ठित कोश असे परस्परविरोधी बोलतात तेव्हा एकाला खोटे ठरवण्यापेक्षा शब्द कुठून आला हे पाहणे बरे.

शांग काळात, इ.स.पू. १२०० च्या सुमारास, हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर कोरलेल्या अक्षरांत छिनचे चिन्ह म्हणजे दांडा असलेले जाळे आहे. शब्दाचा मूळ अर्थ ‘पकडणे’ असा होता, आणि जे पकडले तेही छिनच. पुढे ‘पकडणे’ या अर्थासाठी त्याच अक्षराला हाताचे चिन्ह जोडून वेगळे अक्षर घडवले गेले. शौच्या जुन्या अक्षरात एका बाजूला शिकारीचे हत्यार आणि दुसऱ्या बाजूला कुत्रा आहे, आणि त्याचाही मूळ अर्थ ‘शिकार करणे’ हाच. म्हणजे पिसे आणि केस हा भेद दोन्ही शब्दांच्या जन्मात कुठेच नाही. ‘यी-चिंग’ या प्राचीन शकुनग्रंथातल्या सातव्या षड्रेखाकृतीत (सहा रेषांच्या आकृतीत) ‘शेतात छिन आहे’ असे वाक्य येते, तेव्हा तिथे तितर आहे की रानडुक्कर, हे शब्द सांगत नाही. हाती लागण्याजोगे सावज आहे, एवढेच तो सांगतो.

‘चौ-ली’ या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात या जोडीचा आणखी एक भेद दिसतो, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. राजाच्या मोठ्या शिकारीनंतर मोठा शौ सरकारजमा करावा आणि लहान छिन ज्याने मारला त्याने स्वतःकडे ठेवावा, असा तिथे नियम आहे. इथे भेद आकाराचा आहे. त्याच ग्रंथात राजाच्या मुदपाकखान्यासाठी ‘सहा छिन’ सांगितले आहेत, पण त्यांची नावे दिलेली नाहीत, त्यामुळे भाष्यकारांत मतभेद झाला. एका मताने ते सहाही पक्षी होते, पण इ.स. २०० मध्ये निधन पावलेल्या चंग श्वान या भाष्यकाराने कोकरू, डुकराचे पिल्लू, वासरू, हरणाचे पाडस, फेझंट पक्षी आणि रानहंस अशी यादी दिली, आणि जे पक्षी वा पशू अजून गाभण राहिलेले नाहीत ते सारे छिन, असा खुलासाही केला. अर्थात कोवळे, लहान, सहज धरता येणारे ते छिन.

या गोंधळाची उकल थांग काळातील खुंग यिंग-ता (५७४–६४८) या भाष्यकाराने केली आहे. ‘ली-ची’ या आचारविधींवरील प्राचीन ग्रंथात एक वचन आहे : पोपट बोलू शकतो, तरी तो उडणाऱ्या पक्ष्यांतलाच, शिंग-शिंग हा वानरासारखा प्राणी बोलू शकतो, तरी तो छिन-शौंतलाच. शिंग-शिंगला पिसे नसताना छिन का म्हटले, या शंकेवर खुंग सांगतो की काटेकोर बोलायचे तर पिसांचा तो छिन आणि केसांचा तो शौ. पण ढोबळ बोलण्यात शौला छिन म्हणता येते, पक्ष्याला मात्र शौ म्हणता येत नाही. पक्ष्याची ताकद कमी, म्हणून तो पकडता येतो; पशू बलवान, म्हणून आधी वेढा घालून पहारा ठेवावा लागतो, असे कारण तो देतो. त्यासाठी त्याने शौचा संबंध ‘पहारा’ या अर्थाच्या समान उच्चाराच्या शब्दाशी जोडला आहे. ही व्युत्पत्ती उच्चारसाम्यावर बेतलेली असल्यामुळे मान्य करणे कठीण आहे; वापराचा नियम मात्र अचूक आहे.

संस्कृत जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे फारसे अनोळखी वाटू नये. ‘मृग’ हा शब्द मुळात कोणत्याही रानटी जनावराचा. म्हणून शिकार ती मृगया, सिंह तो मृगेंद्र आणि माकड तो शाखामृग. पुढे मृग हरणापुरता उरला, तसा छिन पक्ष्यांपुरता उरला.

शौची दुसरी सीमा पाळीव प्राण्यांशी आहे. ‘अर्-या’त शौंचे प्रकरण आणि ‘छू’ म्हणजे पाळीव प्राण्यांचे प्रकरण वेगवेगळे आहे, आणि कोंबडी दोन पायांची व पिसांची असूनही घोडा, गाय, मेंढी यांच्याबरोबर छूंच्या प्रकरणात बसवली आहे. आजच्या चिनीत मात्र कोंबड्या-बदकांना ‘घरचे छिन’ म्हणतात, आणि बर्ड फ्लूच्या नावातही हाच छिन आहे.

मिंग दरबाराने १३९१ मध्ये अधिकाऱ्यांच्या पोशाखावरील चिन्हे ठरवली, तेव्हा मुलकी अधिकाऱ्यांना क्रौंचासारखे पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्यांना सिंहासारखे पशू मिळाले. तिथे छिन आणि शौ ‘अर्-या’च्या व्याख्येनुसार नीट वेगळे उभे आहेत. पण प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस जेव्हा म्हणतो की ज्याला बाप नाही आणि राजा नाही तो ‘छिन-शौ’ होय, तेव्हा त्या जोडशब्दात ना पिसे शोधावीत ना केस. मराठी अनुवादात तिथे ‘पशुपक्षी’ लिहिले तर वाक्य हास्यास्पद होते. ‘जनावर’ हाच शब्द योग्य.